आधी पायात चप्पल

मागच्या अंकात नैराश्यावर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली चार पत्रं घेते. गावं तीच ठेवलीत. ओळख पटेल असं बाकी सगळं बदललंय.

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीला राहतो. माझे मिस्टर ५३ वर्षांचे आहेत. रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत २६ वर्षं सुपरवायझर होते. कंपनीनं युनिट गुजरातला हलवलं, हिशेब करून पैसे दिले. त्याला दीड वर्ष झालं. पहिले सहा महिने त्यांनी खूप अर्ज केले, मग थांबले. आता सकाळी अकरापर्यंत अंथरुणात आणि नंतर सोफ्यावर. भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, तो खोळीत आहे. सासरे म्हणतात, आळस. नणंद म्हणते, लहानपणी आई गेली तेव्हाही तो असाच गप्प झाला होता, मूळ तिथे आहे. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळ्या दिल्या, पाच आठवडे झाले, झोप जरा सुधारली आहे. पण मूळ कारण सापडल्याशिवाय माणूस बरा कसा होणार? — स. प., ऐरोली

उत्तर : पखवाज खोळीत आहे, हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या यजमानांचं दुखणं त्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा नीट उतरलंय.

घरात तीन कारणं फिरतायत. सासऱ्यांचं ‘आळस’ हे कारण नव्हेच, ती शिवी आहे. आळशी माणूस मजेत लोळतो. तुमचे यजमान मजेत दिसतात का? नणंदेचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानं १९१७ साली शोक आणि विषाद (म्हणजे खोल, न हटणारी उदासी) यांची तुलना केली, तीही गमावण्यापासूनच सुरू होते. गेलेल्या माणसावरचा राग कुणावर काढता येत नाही, मग तो स्वतःवर उलटतो आणि माणूस स्वतःलाच बोल लावत बसतो, असं त्याचं म्हणणं. नोकरीचं कारण तर सगळ्यांना दिसतंच आहे. तिन्हींत थोडंथोडं खरं असेल (सासऱ्यांचं सोडून). पण गाडं चिखलात कसं गेलं हे कळलं म्हणून रुतलेलं चाक वर येत नाही. चाक आत्ता कशात अडकलंय ते बघावं लागतं. आणि खरं सांगू? आपल्या घरांत ‘कारण काय’ म्हणजे बहुतेक वेळा ‘दोष कुणाचा’.

आत्ता काय अडकलंय हे सांगायला एक गोष्ट सांगते. ऐकायला क्रूर आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. एका गटातल्या कुत्र्यानं डोक्यानं पट्टी दाबली की विजेचा झटका बंद व्हायचा. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडायचा नाही. नंतर सगळ्यांना अशा पेटीत सोडलं, की मधली बुटकी भिंत ओलांडली की सुटका. पहिल्या गटातले टुणकन पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले बरेचसे तिथेच पडून कण्हत राहिले. ‘आपल्या करण्यानं काही होत नाही’ हे ते शिकलेत, असा अर्थ तेव्हा लावला गेला. शिकलेली असहायता म्हणतात ती हीच. पण २०१६ साली त्याच दोघांनी लिहिलं, की आम्ही उलटं समजलो होतो. त्रास लांबला की हातपाय गाळणं आपोआप होतं, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की आपल्या हातानं काही बदलतं.

आणि ते पडून राहिलेले कुत्रे उठले कशानं? हाका मारून नाही. गळ्यात दोरी घालून त्यांना पुन्हा पुन्हा पलीकडे ओढत न्यावं लागलं. पाय आधी पलीकडे गेले, उडी मारायची बुद्धी मागून आली.

सहा महिने अर्ज करून एकही फोन न आलेल्या माणसाचं याहून वेगळं काय झालंय?

दोरी आणू नका, एवढं सांगून पुढे जाते. पीटर लुइनसन नावाचे मानसशास्त्रज्ञ ओरेगॉनमध्ये होते. त्यांनी १९७० च्या दशकात फार साधी गोष्ट मांडली. माणसाला काहीतरी परत देणाऱ्या गोष्टी त्याच्या दिवसातून आटल्या, की तो उदास होतो. उदास झाला, की उरलेल्या गोष्टीही सोडतो. मग आणखी आटतं. पगार बाजूला ठेवा आणि कंपनीत यजमानांना रोज काय काय मिळत होतं ते मोजा. बसमधली ठरलेली खिडकी, डबा उघडल्यावर समोरच्याची भाजी, ‘साहेब, हे जरा बघता का’ म्हणणारी पोरं. हे सगळं एका दिवसात संपलं. पखवाज त्या दिवशी गेला नाही, तो नंतर हळूहळू गेला. लुइनसननी आनंद देणाऱ्या गोष्टींची ३२० कलमांची यादी केली होती. तुम्हाला दहा पुरतील.

यातून जो उपचार निघाला त्याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. मन लागेल तेव्हा करू असं न म्हणता, ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी गोष्ट करायची, मनाची परवानगी न विचारता. हे फार मोठ्या पदवीधरांचं काम नाही, हे आपल्या शेजारी गोव्यातच दिसलं. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य तीव्र असलेल्या ४९५ जणांवर अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ भेटींत हा उपचार दिला. तीन महिन्यांनी त्या गटातले १०० पैकी ६४ जण नैराश्यातून बाहेर आलेले होते. केंद्रातले नेहमीचे उपचारच मिळालेल्या गटात ३९.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११ साली आई गेल्यावर मी स्वतः चार महिने अशी पडून होते. ठाण्यात नौपाड्यातली माझी पेशंट बघायची खोली बंद, पेशंट दुसरीकडे पाठवलेले. वर सांगितलेलं सगळं मला तेव्हाही पाठ होतं, पण ते ज्ञान गुडघ्याखाली उतरत नव्हतं. माझी एक मैत्रीण रोज सकाळी साडेसहाला यायची. कशी आहेस विचारायची नाही. दारात उभी राहून म्हणायची, ‘चप्पल घाल.’ पहिल्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मला काडीचंही बरं वाटलं नाही. तलावपाळीला तळ्याभोवती पूर्ण फेरी व्हायला तीन आठवडे लागले. त्या फेरीत कधीतरी ती म्हणाली की कणसं भाजण्याचा वास येतोय, आणि मला तो खरंच आला. त्याआधीच्या चार महिन्यांत मला कसलाच वास आला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

तर तुम्ही असं करा. आठवडाभर एका वहीत फक्त नोंद ठेवायला सांगा : कोणत्या वेळी काय केलं आणि मन दहापैकी किती. ‘सोफा, दोन’ असं लिहिलं तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यापासून रोज एकच गोष्ट वाढवायची, आणि ती लाज वाटावी इतकी लहान हवी. पखवाज वाजवा असं चुकूनही म्हणू नका. आधी नुसती खोळ काढून पुसू देत. चार दिवसांनी तुम्ही कणीक भिजवून द्या, ते ती पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावतील. मग दोन मिनिटं, घरातल्या घरात. भजनी मंडळ फार पुढचं. तिथे चारचौघं ‘काय, सध्या काय करता?’ विचारणार, त्याचं उत्तर त्यांच्याकडे अजून नाही. एखादा दिवस काहीच झालं नाही, तर वहीत ‘नाही’ लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी परत सुरू.

सासऱ्यांना मात्र आवरा. रुग्णालयातून उपचार घेतलेल्या नैराश्याच्या रुग्णांना १९८९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात एकच प्रश्न विचारला होता : तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो, एक ते दहा? ज्यांनी मोठा आकडा सांगितला, ते पुढच्या काही महिन्यांत पुन्हा आजारी पडण्याची शक्यता जास्त निघाली. तिथे प्रश्न जोडीदाराचा होता. आपल्या घरात तो आकडा सासरे भरतात.

गोळ्या चालू राहू द्या. झोप आधी सुधारते, मन मागून येतं. पाच आठवड्यांनी मनात काहीच फरक नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा गोळी बदलता येते. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी घ्याव्या लागतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. आणि एक प्रश्न तुम्ही विचारायला कचराल, तरी विचारा : ‘जगू नये असं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात जात नाही. असलाच तर त्याला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, तर त्यांना एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी २० वर्षांची, कळव्याला राहते, बीएस्सी करते. मला नैराश्य आहे असं डॉक्टर म्हणाले. रील्समध्ये सांगतात की मेंदूत सेरोटोनिन कमी झालं की डिप्रेशन येतं. मग काउन्सेलरशी बोलून केमिकल कसं वाढणार? — कु. र.

उत्तर : बीएस्सीची आहेस म्हणून तुला उलट्या बाजूनं सांगते. औषध आधी आलं, सिद्धांत नंतर. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका टीबी रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचं औषध देऊन बघत होते. फुप्फुसांचं काय व्हायचं ते झालं, पण पेशंट वॉर्डात हसायला-बोलायला लागले. स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून हे मनोविकारतज्ज्ञ इमिप्रामिन नावाचं औषध स्किझोफ्रेनियासाठी तपासत होते. त्याला उपयोग झाला नाही, उदास रुग्णांना झाला, आणि १९५७ साली त्यांनी तसं लिहिलं. ही औषधं मेंदूतल्या कोणत्या रसायनांवर काम करतात ते बघून मग तर्क निघाला, की ती रसायनं कमी पडल्यानंच आजार होत असणार. हा तर्क तूच तपास. आल्याच्या चहानं घशाला बरं वाटतं म्हणून घसा आल्याच्या कमतरतेनं बसतो का?

२०२२ साली तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ‘सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य’ याला ठोस पुरावा दिसला नाही. त्यावर लगेच दुसऱ्या टोकाच्या रील्स आल्या, की गोळ्या म्हणजे थोतांड. तेही चूक. २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास २०१८ साली आला, त्यात एकूण एक औषध, आत औषधच नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं. काही थोडं, काही जरा जास्त. औषध कसं काम करतं हे पूर्ण न कळताही ते काम करू शकतं.

आणि बोलणं हे काही हवेत होत नाही गं. शिकणं, सवय मोडणं, भीती जाणं, हे सगळं मेंदूतच घडतं. मध्यम किंवा तीव्र नैराश्यात गोळी आणि मानसोपचार दोन्ही मिळाले तर एकट्या गोळीपेक्षा जास्त फायदा होतो. जाताना थायरॉइड आणि बी-१२ तपासून घे. मरगळीनं माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी काहींचा आजार तिथेच सापडलाय, आणि मग मला फी परत करावीशी वाटते.

प्रश्न : मी ३१ वर्षांची. घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर राहतो. बाळ चार महिन्यांचं आहे. नवरा सकाळी आठला निघतो, ट्रॅफिकमधून रात्री नऊला येतो. आई सव्वा महिन्यानं कोल्हापूरला परत गेली. मी नोकरी सोडली आहे. बाळ रडलं की वाटतं, मी वाईट आई आहे, माझ्यानं हे होणार नाही, पुढेही असंच असणार. रात्री तेच तेच विचार. सगळे म्हणतात विचार करू नकोस, पॉझिटिव्ह राहा. कसं? — अ. द., वाघबीळ

उत्तर : विचार करू नकोस, हा सल्ला देणाऱ्याला एकदा सांगा, की पुढची पाच मिनिटं तू माकडाचा विचार करू नकोस.

लंडनमध्ये कॅम्बरवेल नावाचा भाग आहे. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी तिथल्या घराघरांतल्या बायकांशी तासन् तास बोलून १९७८ साली पुस्तक लिहिलं. कठीण प्रसंग आल्यावर कोणत्या बायका कोसळतात? त्यांना चार गोष्टी दिसल्या. मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं, घरात १४ वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं असणं, घराबाहेर कमाईचं काम नसणं आणि ११ वर्षांची होण्याआधी आई गेलेली असणं. कॅम्बरवेल आणि वाघबीळ यांत काहीही साम्य नाही, पण तुमचं पत्र वाचताना मी पहिल्या आणि तिसऱ्या कलमापुढे पेन्सिलनं खूण केली. विसाव्या मजल्यावर शेजारणीचा आवाजही येत नाही हो. चाळीत बाळ रडलं तर तीन जणी दारात यायच्या, त्यातल्या दोघी नकोशा असायच्या, पण एक तरी बाळ उचलून न्यायची. तेव्हा तुम्ही कमी पडताय असं नाही. जे काम चार जणींचं होतं ते एकीवर आलंय.

आता ती तीन वाक्यं. ‘मी वाईट आई’, ‘माझ्यानं होणार नाही’, ‘पुढेही असंच.’ एरन बेक हे फिलाडेल्फियातले मनोविकारतज्ज्ञ मूळचे फ्रॉइडच्या वाटेचे. नैराश्यातल्या माणसाच्या स्वप्नांत दडपलेला राग सापडेल म्हणून ते शोधायला गेले, तर सापडल्या सगळ्या हरण्याच्या आणि गमावण्याच्या गोष्टी. मग जागेपणी काय विचार येतात ते विचारलं, तर तेच. मी असा, जग असं, पुढेही असंच, ही तीन पदरी वेणी त्यांना पेशंटमागून पेशंटमध्ये दिसली. तुम्ही बेक वाचलेले नसतील, तरी जवळजवळ तीच वेणी घालून पाठवलीत.

बेक यांचा उपचार म्हणजे पॉझिटिव्ह विचार नव्हे. ‘मी उत्तम आई आहे’ असं आरशासमोर म्हणायला लावणाऱ्यांपासून लांब राहा. तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही आणि वर त्याचंही अपराधीपण येईल. करायचं ते वेगळं. वाक्य कागदावर लिहायचं आणि त्याला निकाल न मानता तक्रारअर्ज मानायचं. पुरावा काय? बाजूनं काय, विरुद्ध काय? बाळ किती वेळा रडलं आणि किती वेळा तुमच्या खांद्यावर शांत झालं? हीच परिस्थिती तुमच्या बहिणीची असती तर तिला काय म्हणाला असतात? शेवटी जे उरतं ते गोड नसतं, पण खरं असतं : ‘मी दमलेली आई आहे आणि दुपारी कुणी नसतं.’ वाईट आईचं काय करायचं कुणाला माहीत नाही. दमलेल्या आईचं करता येतं.

रात्रीचं चक्र हा विचार नाही, रवंथ आहे. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती नोंदवून ठेवली होती, आणि योगायोगानं दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ ला, तिथे मोठा भूकंप झाला. आधीपासून रवंथाची सवय असलेले विद्यार्थी भूकंपानंतर सात आठवड्यांनीही जास्त उदास होते. आपण तोडगा शोधतोय असं रवंथ करणाऱ्याला वाटत असतं, म्हणून थांबवत नाही. एक कसोटी ठेवा. दहा मिनिटांत ‘उद्या मी अमुक करीन’ असं एक वाक्य निघालं, तर तो विचार. ‘मीच का’ निघालं, तर उठा, दिवा लावा, हाताला काम द्या. बाळाचे कपडे घडी करा, काहीही.

पण हे सगळं डॉक्टरांना भेटून. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनाच आधी सांगा आणि थायरॉइड तपासा, या काळात ते बिघडू शकतं. दूध पाजताना गोळी चालतच नाही असं नाही. सर्ट्रालिनसारखी औषधं स्तनपान चालू असतानाही देतात. बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर सकाळची वाट बघू नका. आणि हे पत्र नवऱ्याला वाचायला द्या. साहेब, आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागा आणि सासूबाईंना कोल्हापूरहून परत आणायला स्वतः जा.

प्रश्न : वय २८, वाशीला राहतो. मला मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं आहे, खासगी परवडत नाही. पण ठाण्याच्या मनोरुग्णालयात गेलो आणि लग्न जमवताना कळलं तर? मित्र आधीच ‘याला ठाण्याला भरती करा’ म्हणतात. — एक वाचक

उत्तर : १९०१ पासून ते रुग्णालय तिथे आहे, आणि जवळपास तेव्हापासूनच हा विनोद चालू असावा. मीही ठाण्याची, दर लग्नात ऐकते.

तिथे भरती होणारे वेगळे आणि बाह्यरुग्ण विभागात दाखवून, गोळ्या घेऊन, लोकल पकडून घरी जाणारे वेगळे. तुम्ही दुसऱ्या रांगेत असाल. उपचारांची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला तुमचा हक्क आहे, डॉक्टर ती स्थळ घेऊन आलेल्या मामांना सांगत नाहीत. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांनाही मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीनं धरायला सांगितलंय. ऑफिसची पॉलिसी असेल तर तिचा कागद नीट वाचा. शॉकची भीती असेल तर तेही सांगते : नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना त्याची गरज लागत नाही, आणि लागली तरी भूल दिल्याशिवाय तो देण्यावर त्याच कायद्यानं बंदी आहे.

लग्नाचं म्हणाल, तर मुलीला मी सांगायला सांगेन, पण पहिल्या कांदेपोह्यांना नाही. रुग्णालयात जाताना आधीच्या डॉक्टरांचे कागद न्या, आणि मेडिकलवाल्यानं आपल्या मनानं दिलेल्या झोपेच्या गोळ्या घेत असाल तर ती पाकिटंही न्या. ते बहुतेक जण लपवतात.